पर्जन्यमापकावरचं झाड

जंगल तोडलं की पाऊस घटतो, असं शंभर वर्षांपूर्वी बजावणाऱ्या एका वनाधिकाऱ्यावर इतिहासकार बाईंचं अख्खं पुस्तक उभं होतं. छपाईच्या आदल्या दिवशी दप्तरखान्यात त्याचीच पावसाची नोंदवही सापडली आणि बाईंनी ती घाईघाईनं चाळली. तोडीनंतरच्या वर्षी पाऊस दीडपट झाला होता. म्हणजे गड्यानं स्वतःचेच आकडे दडवले होते, आणि बाई त्याला डोक्यावर घेऊन नाचल्या होत्या.

दप्तरखान्यातल्या म्हाताऱ्या कारकुनानं शांतपणे पान उलटलं. मागे त्याच अक्षरात लिहिलं होतं, "पर्जन्यमापकावर पसरलेलं झाडही तोडलं. यापुढचे आकडे आधीच्यांशी ताडून पाहू नयेत."

"पाऊस वाढला नव्हता बाई," कारकून म्हणाला, "मापकावरची छत्री गेली होती."

बाई हसल्या. "इतका सरळ माणूस, आणि मी त्याला सकाळपासून शिव्या घालतेय."