बसून वाजवायचा ड्रम

तात्याबाने वीस वर्षं बँडचा मोठा ड्रम गळ्यात अडकवून चिंचवडपासून चाकणपर्यंतची लग्नं वाजवली होती. नवरदेव कितीही मरतुकडा असो, तात्याबाची थाप पडली की तो घोड्यावर ताठ बसायचा. डावीकडे ज्योतीराम साइड ड्रम घेऊन, उजवीकडे भैरू झांजा घेऊन. तिघांना एकमेकांकडे बघायची गरजच पडत नसे.

मग पिंपरीला औषधाची कंपनी सुरू झाली. आधी ज्योतीराम गेला, मागोमाग भैरू. शिफ्ट, भोंगा, खाकी कपडे आणि महिन्याच्या महिन्याला पगार. पोटापाण्याला लागलेल्या माणसांना नावं कोण ठेवणार? तात्याबाने ठेवली. भरपूर ठेवली. एकदा बाजारात ज्योतीराम समोरून आला, तर तो दिसेनासा होईपर्यंत हा वांग्यांकडे बघत उभा राहिला.

बँडचा मालक भिमाजी क्लॅरोनेट वाजवायचा. दोन माणसं शोधून शोधून तो दमला, आणि एके दिवशी पुण्याच्या कॅम्पातून काहीतरी नवल बघून आला.

"एकच माणूस बसतोय, तात्याबा. हातानं साइड आन झांज, पायानं मोठा डरम. तसला नवा सेट घ्यायचा म्हणतोय. वाजवणारा बी तिथलाच मिळतोय."

"मग मी?"

भिमाजीने क्लॅरोनेटची पत्ती काढली आणि धोतराच्या सोग्याने पुसायला लागला. वाईट माणूस नव्हता तो, पण असल्या वेळी त्याला पत्ती पुसायची आठवण व्हायची.

 ड्रमाशिवाय तात्याबाला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असंही कधी वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "आपलाच डरम मी तसा करतो. भोसरीचं लगीन मला दे. न्हाई जमलं तर खुशाल आण तुजा नवा."

देहूरोडच्या भंगारवाल्याकडे लष्कराने टाकलेलं शिलाईचं मशीन होतं. त्याचा पायटा तात्याबाने उचलून आणला. पायटा दाबला की लोखंडी दांडी उठून ड्रमावर पडेल अशी जोडणी केली. दांडीच्या टोकाला त्याच्या बायकोने, सरुबाईने, घोंगडीचा तुकडा गच्च शिवून दिला. साइड ड्रम मांडीजवळ घडवंचीवर बसवला, झांज लोखंडी सळईला टांगली. आठ दिवस पाय हाताचं ऐकेना. हात पुढे, पाय मागे. शेजारच्यांनी दारं लावून घेतली. नवव्या दिवशी पाय सुधारला.

"बसून वाजवायचं म्हंजी तुमच्या गुडघ्याला बरंच झालं," सरुबाई म्हणाली. भिमाजीने अंगणात येऊन, डोळे मिटून ऐकलं आणि "बरं हाय" म्हणाला. भिमाजीच्या तोंडून हे फार झालं.

लग्नाच्या दिवशी दुपारी शेजारच्या गेनबाच्या बैलगाडीतून सगळा सरंजाम भोसरीला मारुतीच्या देवळापुढे उतरला. नवरदेव मारुतीच्या पाया पडणार आणि परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, वाजतगाजत मांडवात जाणार. तात्याबा स्टुलावर बसला. नवरदेव घोड्यावर चढला. भिमाजीने क्लॅरोनेट तोंडाला लावली, तात्याबाने झोकात ठेका धरला आणि परण्या निघाली.

परण्या निघाली, तात्याबा तिथेच राहिला.

वीस वर्षं पायपीट करून वाजवलेली ही माणसं! पण स्टुलावर बसलेला माणूस मिरवणुकीत चालणार कसा, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. कॅम्पातला नवा सेट तरी कुठे चालत गेला असता? पण हे त्या घटकेला कुणाला सुचायला हवं ना. घोडा गेला, करवल्या गेल्या, म्हाताऱ्या गेल्या, आणि देवळापुढे तात्याबा एकटाच जीव तोडून वाजवत होता. बायका मागे वळून, पदर तोंडाला लावून हसल्या.

भिमाजी लालबुंद होऊन मागे आला. "सोड ती सर्कस. डरम गळ्यात घाल आन चल."

ड्रम गळ्यात घातला की साइड गेला, झांज गेली आणि उद्या कॅम्पातला माणूस आला. तात्याबाला सगळं लख्ख दिसलं.

"गाडीत चढवा," तो म्हणाला. चार जणांनी सगळं गाडीत चढवलं. तात्याबाने झांजेवर पहिला टोला दिला मात्र, बैल असे उधळले की गाडी देवळाच्या ओट्यावरच जायची. गेनबाने त्यांना कसंबसं आवरलं, सोडलं आणि बाजूला नेलं. "तुज्या झांजंपायी माजी जनावरं न्हाई मरायची, राव!"

जू खाली टेकलं. गाडी पुढे कलली आणि स्टुलावरून घसरणारा तात्याबा ड्रमाला मिठी मारून बसला. झालं आपलं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात गाडी सरळ झाली.

जू दोन माणसांनी उचललं होतं. खाकी कपडे, सायकली देवळाच्या भिंतीला टेकवलेल्या, हँडलला जेवणाचे डबे. ज्योतीराम आणि भैरू.

"तुमी कशाला आलाय?" तात्याबा गुरकावला.

"पहिली शिफ्ट सुटली," ज्योतीराम म्हणाला. "तुमी एकटं तिघांचं वाजवनार म्हनून ऐकलं. हात कंपनीला दिल्यात, कान न्हाई दिलं."

दोघांनी जू खांद्यावर घेतलं आणि गाडी हलली. तात्याबाने ठेका धरला. घोडा गाठेपर्यंत सगळं ठीक होतं. मग साइड ड्रमवर ज्योतीराम वाजवायचा ती जुनी, नागमोडी जागा आली आणि तात्याबाचा हात अडखळला. त्याने खाली बघितलं. गाडी ओढता ओढता ज्योतीरामची बोटं जुवावर तीच जागा वाजवत होती. झांज जिथे पडायची, तिथे भैरूची मान हलत होती. तात्याबाने त्या बोटांवर नजर ठेवली, त्या मानेवर ठेवली आणि तसंच वाजवत गेला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

मांडवाच्या दारात भिमाजी गाडीजवळ आला. "नवा सेट ऱ्हाऊ दे, तात्याबा. तिघांचं काम एकट्यानं केलंस."

"एकट्यानं न्हाई," तात्याबा म्हणाला.

दोघे जू खाली ठेवून टोपीने मान पुसत होते. तात्याबा गाडीतून उतरला. 

"बाजारात दिसलात तर थांबत जावा की रं," तो म्हणाला.

"आमी थांबतोच," ज्योतीराम म्हणाला. "तुमीच वांगी बघत बसता."