सोलांनी घासलेले स्क्रू

मित्रांनो, सर्वण गावातल्या एका घराच्या मागच्या पडवीत, खिडकीखालच्या बाकावर माझा मुक्काम असतो. मी स्क्रूंची लाकडी पेटी. अंगावर रंग उरलेला नाही आणि झाकणाची एक बिजागरी वाकवलेल्या खिळ्यावर तग धरून आहे. पोटात लहान लहान खण आहेत. त्यांत स्क्रू, नट, वायसर, बारीक खिळे, कड्या, कोयंडे, सगळे आहे. इतकी वर्षे लोखंड पोटात वागवून मी दमले आहे, तेव्हा जरा सावकाश सांगते.

माझा जन्म खाणीवरच्या गॅरेजातला. माझा धनी गोकुळदास तिथे ट्रक दुरुस्त करायचा. यंत्रांचे सुटे भाग ज्या खोक्यांतून येत, त्यांची फळकुटे त्याने वेचली आणि जेवणाच्या सुट्टीत बसून मला घडवले. पुढे खाण बंद पडली तेव्हा तो मला काखोटीला मारून घरी आला. दुसऱ्या दिवशी पडवीत बाक ठोकला, आणि वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, पंखे, इस्त्र्या, कुलपे आमच्याकडे येऊ लागली.

दुकानात स्क्रू लांबीप्रमाणे लावतात. माझ्या धन्याची रीत निराळी होती. तो ज्याचे त्याला ठेवायचा. पंख्यांचे एका खणात, दारे-खिडक्यांचे दुसऱ्यात, चवथीला गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीच्या चौकटीचे बोल्ट तिसऱ्यात. शिवणयंत्राचे स्क्रू तर अगदी कोपऱ्यात, एकटे. त्यांचे आटे बाजारातल्या स्क्रूंशी जुळत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा गोंधळ वाटे, पण त्याचा हात कधी चुकला नाही. त्या काळी लोक माझे कौतुक करायचे आणि मी, खोटे कशाला बोलू, फुगून जायचे.

मग त्याचे डोळे जाऊ लागले. हे फक्त मला माहीत होते. तो खिडकीकडे तोंड करून स्क्रू निरखल्यासारखे करी, पण बघत असत ती त्याची बोटे. अंगठा माझ्या काठावरून सरकवत तो खण ओळखायचा. गेल्या वर्षी स्कूटर फाटकावर आदळली तेव्हा त्याच्या बायकोने, सुमंगलाने, चावी काढून घेतली होती. डोळ्यांचे कळले तर बाकही जाईल, या भीतीने तो गप्प होता. बाकाशिवाय त्याच्याकडे होते तरी काय? त्याची ती धडपड बघून माझा जीव तुटायचा.

यंदा चवथ जवळ आली आणि घरात साफसफाई सुरू झाली. सुमंगलाचा हात मोठा चपळ. भिंती झाडल्या, भांडी काढली, समया घासायला बसली. आमच्याकडे समया सोलांनी घासतात, म्हणजे आमसुलांनी. पितळ कसे सोन्यासारखे होते. गोकुळदास बाजारात गेलेला. तिची नजर माझ्यावर पडली, आणि नवऱ्याला खूश करावे असे तिच्या मनात आले. तिने मला पालथी केली. काळे पडलेले सगळे स्क्रू समयांबरोबर सोलांच्या पाण्यात पडले! ती मायेने एकेक घासत होती. वाळवून, पुसून, लांब लांबांत आणि आखूड आखुडांत असे तिने ते नीट लावले. माझे खण इतके सुंदर कधी दिसले नव्हते. पण कोपऱ्यातल्या खणात आता भलतेच स्क्रू होते.

दुसऱ्या दिवशी शेजारची गंगा शिवणयंत्राचा वरचा भाग टोपलीतून घेऊन आली. वाड्यावरची चवथीची कापडे तिच्याकडे शिवायला पडली होती.

"गोकुळदासबाब, सुयेचो स्क्रू खंय पडलो काय कळणा नाय. आज करून देशात?"

"बस गे. चाय पिऊन होयसर करून दितंय."

त्याने अंगठा काठावरून नेला, कोपऱ्यातल्या खणात बोटे घातली आणि एक स्क्रू उचलला. सुमंगला दारात हसत उभी होती. आता तो खण बघेल आणि काही बोलेल, याची ती वाट पाहत होती. त्याने स्क्रू लावला, पेचकसाने आवळला. तो अडला. त्याने जोर केला. कर्रकन आवाज झाला आणि यंत्राच्या आतले आटे गेले.

त्याने भोकावरून बोट फिरवले. मग तो म्हणाला, "हो मशिनीचो न्हय. खण चुकलो."

"खण कसो चुकतलो?" सुमंगला म्हणाली. "काल मी सगळे घासून लायले. समोर दिसतत न्हय?"

"माका दिसणा नाय गे."

"कदीपासून?"

"झाले दीस."

"आनी माका सांगूक नाय?"

"सांगलंय असतंय तर तू माका हंय बसाक दिला असतंस?"

ती पायरीवर बसली. गंगाने यंत्र टोपलीत ठेवले. "जावंदे. तुमी तरी काय करतले," एवढेच ती म्हणाली आणि डिचोलीच्या बाजाराकडे निघाली. तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरे वाटले असते.

पणजीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा म्हणाले. गंगाची कापडे शेवटी दुसरीकडे शिवायला गेली. ती अजूनही बोलते, पण यंत्र आमच्याकडे आणत नाही. सोलांच्या आंबटाने माझ्यातल्या कित्येक स्क्रूंना गंज चढला.

चवथ झाली. पाहुणे गेले. एका दुपारी सुमंगला पाट घेऊन बाकापाशी आली. आता ती मला उचलून माळ्यावर टाकणार, असे मला वाटले, आणि त्यालाही वाटले असावे. त्याने दोन्ही हात माझ्यावर ठेवले. ती म्हणाली, "खंयचो खंय, ता माका शिकवा."

त्याने माझे झाकण उघडले. मग हळू म्हणाला, "डोळे धांप."

तिने डोळे मिटले. त्याने तिचा हात धरून माझ्या पहिल्या खणात घातला.

मित्रांनो, दुसऱ्याचा पसारा आवरावासा वाटणे वाईट नाही. पण आवरण्याआधी ज्याचा आहे त्याला एकदा विचारा. कोण जाणे, तो पसाराच त्याचे डोळे असेल.