हेमसिंगच्या हातचा गूळ

जगदेव डॉक्टरांनी रुपाबाईच्या दोन्ही गालांवर, जबड्याच्या कोपऱ्याशी बोटं टेकवली.

"आवळा दात."

तिने आवळले. बोटांखाली स्नायूचा गोटा टणक वर आला. मग डॉक्टरांनी महिन्यापूर्वी बनवून दिलेली कडक लाल रबराची पट्टी तिच्या खालच्या दातांवर बसवली.

"आता आवळा."

गोटा जेमतेम हलला.

"कुठं गेला जोर?" तिने स्वतःच गाल चाचपला.

"पट्टी असली की जबडा तितका जोर लावत नाही, बाई. महिनाभर आराम भेटला, म्हणून तर तोंड उघडून राह्यलं."

"अन् काढली की?"

"जोर पहिल्यावानीच. दात पक्के हायेत तुमचे. म्हणून काढू नका."

दाराबाहेरच्या बाकावरून हेमसिंगने डोकावलं. "उघडते ना तोंड, डाक्टर? वाशीमच्या पाच चकरा झाल्या माह्या."

"तुले लय घाई," रुपाबाई म्हणाली.

घाई होतीच. पंचावन्न सालच्या होळीत हेमसिंगच्या काठीने तिचा एकुलता मुलगा खेमा गेला. तांड्याच्या पंचायतीने निवाडा दिला: हेमसिंगने आपल्या हाताने खेमाच्या आईला गूळ भरवावा, म्हणजे वैर मिटलं. पण खेमा गेला त्या दिवशी तिचे दात घट्ट मिटले ते उघडलेच नाहीत. ती पेजेवर जगली. निवाडा अपुरा राहिला, म्हणून हेमसिंगच्या घरचं पाणी तांड्यात कुणी प्यायलं नाही, आणि त्याच्या पोरीचं लग्न अडलं.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली तांडा जमला.

"मनात काही नाही ना, रुपाबाई?" नायक गुलाबसिंगांनी विचारलं.

"त्याच्या हातचं खाल्लं की संपलं, नायक."

हेमसिंग हसत पुढे आला. त्याने गुळाचा खडा चिमटीत धरला होता. रुपाबाईने पट्टी काढली, पुसली आणि ओढणीच्या टोकाला बांधली.

"काहून काढली, मावशी?"

"तिच्यानं चव लागत नाही."

तिने गालावर दोन बोटं टेकवून एकदा दात आवळले. गोटा जागेवर होता.

गूळ खाली पडला तर निवाडा मोडतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पाडू नको, बाबा," तोंड उघडण्याआधी ती म्हणाली. "पार आत, जिभेवर ठेव."

हेमसिंगने बोटं आत नेली.