आल्याचा वास

दत्तप्रसाद लिफ्टपर्यंत गेला आणि पुन्हा परत आला. हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप. बिनकानाचे, हिरवट-निळे, कोरियन. त्या मातीकामाला सेलाडॉन म्हणतात, हे त्याला बायकोने, शोभनानेच सांगितलं होतं.

कप वरच्या मजल्यावरच्या ह्योनजूचे. शोभना हॉस्पिटलमधून घरी आली तेव्हा ह्योनजूने त्यांतून हिरवा चहा आणून दिला होता. "रिकामं भांडं कसं परत करायचं? बरी झाले की करंज्या भरून देते," शोभना म्हणाली होती. ती बरी झाली नाही. तोवर दोघं रोज आल्याचा चहा त्याच कपांतून प्यायली. ह्या कपांच्या चकाकीखाली केसासारख्या बारीक भेगांचं जाळं मूळचंच असतं. त्यात चहा मुरला आणि जाळं तपकिरी झालं.

उद्या आखातातल्या अल रीम बेटावरचा फ्लॅट सोडून तो दुसऱ्या शहरात, सिलिकॉन ओएसिसला मुलाकडे चालला होता. सकाळी वरदचा फोन आला.

"बाबा, ते कप दिले का?"

"डाग आहेत रे त्यांवर."

"गरम पाण्यात सोडा टाकून ठेवा. इट्स जस्ट टी."

त्याने आधी आपला कप भिजवला. तासाभराने बाहेर काढला तर जणू कुणी कधी त्यात प्यायलंच नव्हतं. शोभनाचा कप त्याने पाण्याजवळ नेला, ओट्यावर ठेवला, परत उचलला. हॉलमध्ये गेला, आला. शेवटी त्यानेच वरदला फोन लावला.

"एक ठेवून घेऊ का?"

"मग मागा ना तिच्याकडे."

"दुसऱ्याची वस्तू मागायची? तुझ्या आईने मला दाराबाहेर उभं केलं असतं."

"मग देऊन टाका. खलास."

करंज्या त्याला येत नव्हत्या. बरणीतली उरलेली साखर त्याने दोन्ही कपांत भरली आणि ह्या खेपेला लिफ्टचं बटण दाबलं.

ह्योनजूने दार उघडलं, साखर पाहिली. "माझ्याकडे आहे साखर, मिस्टर दत्ता."

"आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत."

ती मान डोलावून आत गेली. साखर वाडग्यात काढून कप पुसता पुसता थांबली. एक कप नाकाशी नेला.

"आलं?"

"तिचा कप तो. सोड्याने निघेल डाग. माझा निघाला."

"मग हा का नाही धुतलात?"

"हा मला हवाय," तो म्हणाला. कसं मागावं ते त्याने सकाळपासून मनात घोळवलं होतं, त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

ह्योनजूने कप उजेडात धरला. "आमच्याकडे असा रंग चढायला वर्षं लागतात. तुम्ही चहा करता तरी कसा?"

"उकळतो. चांगला."

"उकळता?" ती हसली, मग धुतलेला कपही पुढे केला. "दोन्ही न्या. जोडी आहे."

"नको. तो धुतला मी."

तिने वाडग्यातली चमचाभर साखर परत शोभनाच्या कपात टाकली आणि कप त्याच्या हातात दिला.

खाली येऊन त्याने गॅस पेटवला, मग आठवलं की चहाचं भांडं बांधून झालंय. त्याने सुरीने स्वयंपाकघराच्या खोक्याची पट्टी कापली. ताटं, कुकर, डबे, सगळं फरशीवर आलं. भांडं अगदी तळाशी होतं. आलं कुठेच नव्हतं. कपातली साखर सांडू नये म्हणून त्याने कप फ्रिजवर ठेवला आणि चपला घालून ग्रोसरीकडे निघाला.