बिननावाची कथा

मार्गशीर्षातलं ऊन तापीकाठी उतरतं, ते हिरवं होऊन. केळीच्या बागांवरून, दवभरल्या रुंद पानांवरून ते ओघळत येतं, वाटेत ओलं होतं, मंद होतं, आणि गावाबाहेरच्या महाविद्यालयाच्या खिडक्यांशी पोचेतो पुन्हा सोनेरी होतं. असं ते सुवर्णहरित ऊन त्या शनिवारी अकरा वाजता मराठीच्या वर्गात शिरलं आणि थेट नीलांबरीच्या रेशमी पदरावर जाऊन बसलं.

उन्हालासुद्धा माणसं कळतात, असं शरयूच्या मनात आलं.

शरयू भारंबे इथे अठरा वर्षं मराठी शिकवत होती. नीलांबरी तिची कॉलेजातली मैत्रीण, आता पुण्यातली नामवंत लेखिका. नऊ कादंबऱ्या, दोन मालिका, आणि परवाच एक सन्मान. मुलांना लेखनाची कला आणि लेखनाचा पेशा समजावून सांगायला ती आली होती. बोलावलं प्राचार्यांनी, पत्र मात्र शरयूला लिहावं लागलं. 'आपल्या आगमनाने आम्ही धन्य होऊ' हेही तिलाच लिहावं लागलं.

नीलांबरी बोलत होती. मंद बोलत होती, मधुर बोलत होती. "रोज दोन पानं लिहा. सुचलं तरी लिहा, नाही सुचलं तरी लिहा. जाहिराती लिहा, मालिका लिहा, अनुवाद करा. लिहून पोट भरायची लाज बाळगू नका. पण एक वही अशी ठेवा, जी कुणाच्याच मागणीवरून लिहिलेली नाही."

चाळीस माना झुकल्या. चाळीस पेनं सरसरली.

हेच शरयू अठरा वर्षं सांगत होती. हेच, अगदी याच शब्दांत. एकाही कार्ट्याने आजवर पेनाचं टोपण काढलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

असूया ही मोठी शालीन बाई. ती आरडत नाही, ओरडत नाही. पाहुणीसाठी चहा सांगते, खुर्चीवरची धूळ आपल्या रुमालाने पुसते, 'किती छान बोललीस ग' म्हणते. आणि आतल्या आत, रक्ताच्या थेंबाथेंबात, निळी ज्योत लावून बसते. शरयू हसत होती आणि जळत होती. हसत होती आणि जळत होती.

कारण कॉलेजच्या भित्तिपत्रकात वरची जागा शरयूच्या कथेची असे. नीलांबरीची त्याखाली, कोपऱ्यात. पुढे शरयू दोन पानं लिही आणि चार फाडी. नीलांबरी नुसतीच लिहीत राहिली. एवढंच घडलं होतं. कुणी कुणाचं काही हिरावून घेतलं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त जिव्हारी लागत होतं.

"आता इथलं काहीतरी ऐकवा मला," नीलांबरी म्हणाली. "शरू, तूच वाच. तुझा आवाज ऐकून युगं लोटली ग!"

या वर्गाची एक रीत होती. मुलं लिहीत, निनावी वह्या मॅडमच्या टेबलावर ठेवत, आणि दर शनिवारी मॅडम त्यातलं काही वाचून दाखवत. कुणाचं ते सांगायचं नाही, ज्याचं असेल त्यानेही चेहऱ्यावर दाखवायचं नाही. लाजरी मुलं त्यामुळे लिहू लागली होती. पाहुणीला ही रीत ठाऊक नव्हती, आणि शरयूने ती सांगितली नाही.

तिने पिशवीच्या तळातून एक वही काढली. गेले कित्येक शनिवार न वाचलेली. अक्षर ती ओळखत होती. खिडकीजवळ बसणाऱ्या करुणा सपकाळेचं ते, आईबरोबर केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या पोरीचं. कथा पहिल्यांदा वाचली त्या दिवशी शरयूला जेवण गेलं नव्हतं. एकोणीस वर्षांच्या पोरीने आपल्याहून सुंदर लिहावं, हे तिला सोसलं नव्हतं. आज मात्र त्याच वहीने नीलांबरीचा तोरा उतरवायची तिला घाई झाली होती.

ती वाचू लागली.

आईच्या सगळ्या पातळांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. न निघणारे, न विटणारे. एकच पातळ निष्कलंक, शुभ्र, जांभळ्या काठाचं. ते आई कधी नेसत नाही. दर रविवारी उन्हात पसरते, संध्याकाळी घडी करते, पेटीत ठेवते. आणि शेवटचं वाक्य: 'त्या पातळाकडे आई जशी पाहते, तशीच माझ्याकडे पाहते, जवळ मात्र घेत नाही, हाताचा चीक लागेल म्हणून.'

शरयूचा आवाज थांबला. बाहेर केळीची पानं तेवढी सळसळली.

नीलांबरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. ओठ मिटले होते, डोळे ओले होते, आणि त्या ओलाव्याच्या तळाशी काहीतरी धारदार चमकत होतं. शरयूने ते तत्क्षणी ओळखलं. रोज आरशात पाहिलेलं कोण विसरेल?

"शरू," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "नऊ पुस्तकं लिहिली ग मी. असं एक पान नाही जमलं. हे तू लिहिलंस?"

हाच तो क्षण. वीस वर्षं मागितलेला, वीस वर्षं न मिळालेला. नीलांबरी तिच्यावर जळत होती. शरयूला तो मत्सर अमृतासारखा गोड लागला. करुणा खाली मान घालून बसली होती. रीत पाळत होती. ती बोलणार नव्हती, वर्ग बोलणार नव्हता. शरयूने नुसतं हसायचं होतं.

ती हसली नाही. फार मोहाने, फार नाइलाजाने, दात उपटावा तसं तिने नाव उपटून काढलं.

"माझं नाही. करुणाचं. ती, खिडकीजवळची."

आणि नीलांबरीची नजर तिच्यावरून निघून गेली. ऊन सरकावं तशी गेली. ती उठली, खिडकीपाशी गेली, त्या पोरीच्या बाकावर बसली. शरयूला हलकं वाटलं म्हणावं, तर खोटं. तिला भयंकर वाईट वाटलं.

"कधी लिहिलंस बाळ?"

"आषाढात. तवाच मॅडमले दिलं व्हतं."

नीलांबरीने वळून शरयूकडे पाहिलं. आषाढ गेला, श्रावण गेला, दिवाळी गेली. तिला काही विचारावं लागलं नाही.

करुणा उभी राहिली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, घरची साधी बोली होती. "मले वाटलं मॅडम, चांगलं नाही म्हणून तुम्ही वाचत नाही. मंग मी लिहिणंच सोडून देलं."

"चांगलं होतं," शरयू म्हणाली. चाळीस मुलांसमोर, प्रसिद्ध मैत्रिणीसमोर. "फार चांगलं होतं. म्हणूनच नाही वाचलं. जळले मी तुझ्यावर."

तिने वही पुढे केली. पोरीने दोन्ही हातांनी घेतली, उघडली, शेवटच्या वाक्यापाशी थांबली. पुढचं पान कोरं होतं. त्यापुढचं कोरं होतं. आषाढाचं, श्रावणाचं, आश्विनाचं, एकेक पान ती उलटत गेली, मिटल्या ओठांनी, सावकाश. आणि शरयू बघत राहिली ते शुभ्र, शुभ्र, शुभ्र.