माळव्याहून निघालेली बाई

खुमेंद्रला स्वतःच्या जिभेची किळस येत होती. दवनीवाड्याच्या समाजभवनाच्या बैठकीत शहाणपणा करायला त्याला कोणी सांगितलं होतं? तो ड्रॉइंगचा मास्तर. समाजाचे पूर्वज माळव्याहून निघाले त्याचं भिंतभर चित्र काढायचं, एवढंच काम. पण नागपूरला कलाशाळेत पाठ केलेलं ज्ञान उतू जात होतं. इटलीत आधी चर्च चित्रं काढून घ्यायचं, मग राजे आले, सावकार आले, आणि पैसे देणारा स्वतःला मेरीच्या पायाशी गुडघे टेकून रंगवून घ्यायचा, हे त्याने तिखटमीठ लावून सांगितलं. लोक जांभया देत होते. राइस मिलवाला हिरालाल तेवढा कान टवकारून बसला होता.

चित्राचा खर्च हिरालालनेच उचलला. पंधरा दिवसांनी तो आपला फेटा बांधलेला फोटो घेऊन आला. "मास्तर, तुमच्या त्या इटलीवानी मलेबी कोपऱ्यात बसवा."

खुमेंद्रने बसवलं. पुढच्या आठवड्यात चित्रातला हिरालाल कोपऱ्यातून उठून बैलगाडीत चढला, मग घोड्यावर. बेशरम कुठला! खुमेंद्र दातओठ खात घोडा रंगवत गेला. तिकडच्या मोठमोठ्या चित्रकारांनी हेच केलं, असं मनाला समजावत गेला.

सगळ्यात पुढे डोक्यावर बियाण्याची टोपली घेतलेली बाई होती. तिला त्याने आपल्या आईचं, तुलसाचं तोंड दिलं होतं. तुलसाने जन्मात एक फोटो काढला नव्हता. या चित्रासाठी मात्र ती आठ दिवस टोपली घेऊन अंगणात उभी राहिली.

"ते तोंड पुसा," हिरालाल म्हणाला. "आमच्या घरवालीचं, पुष्पाबाईचं टाका. घोड्यावर मी, अन् पुढं भलतीच बाई? लोक काय म्हनतीन?"

'नाही' घशापर्यंत आलं होतं. तेवढ्यात हिरालाल सहज बोलून गेला, ओळखीच्या दोन मिलवाल्यांनाही असंच चित्र पाहिजे आहे. खुमेंद्रने 'नाही' गिळलं आणि आईच्या तोंडावर रंग फासला.

उद्घाटनाला तुलसा गल्लीतल्या चार बाया घेऊन आली. तोंड बदलल्याचं खुमेंद्रने तिला सांगितलंच नव्हतं. तेवढीही हिंमत नव्हती त्याच्यात. ती चित्राजवळ गेली आणि बराच वेळ पाहत राहिली. गुबगुबीत गालांच्या पुष्पाबाईने टोपली धरली होती, पण धरणारे हात भेगाळलेले, धानाच्या रोवणीच्या चिखलाने काळे पडलेले होते. घाईत ते बदलायचे राहून गेले होते.

"तोंड तिचं लावलंस," तुलसा म्हणाली, "मंग हात काऊन माहेच ठेवलेस? टोपली उचलाले?"

खुमेंद्रला तिच्याकडे बघवेना. मागून एका मिलवाल्याने खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, आमच्याकडं कधी येऊन राहिले?"

त्याला स्वतःची शिसारी आली. तरी आईसमोरच त्याने यायचा वार सांगितला.