हलका हात

गुडगावच्या त्या नव्याकोऱ्या हॉस्पिटलात काचा भरपूर आणि नर्सेस कमी. निम्म्या मुली आखातात निघून गेल्या आणि उरलेल्यांच्या माथी डबल ड्यूटी आली. शिवांजलीने कधी कुरकुर केली नाही. वडील फौजेत, बालपण सगळं दिल्ली कँटमध्ये, लष्करी छावणीत गेलेलं. दमले म्हणणं तिला कमीपणाचं वाटे. शिवाय वॉर्डसाठी नवी इन्चार्ज नेमायची होती आणि ती जागा तिला मनापासून हवी होती.

त्यासाठी परीक्षा होती. तळमजल्यावर परदेशातून आणलेला एक रबरी पेशंट पडून असे. त्याला नाडी होती, श्वास होता आणि हवं तेव्हा त्याचं हृदय बंद पाडता येत असे. जिवंत माणसांना खाट मिळायची मारामार, पण या बाहुल्याला स्वतंत्र एसी खोली! रात्रपाळी संपवून शिवांजली थेट तिथे गेली. बाहुल्याचं हृदय थांबलं. तिने सोबतिणीला छाती दाबायला लावली, इंजेक्शन भरलं, "दे दिया" असं मोठ्याने सांगितलं. सगळं तोंडपाठ होतं. तरी बाहुला मेला.

"मॅडम, मशीन खराब है," ती ठामपणे म्हणाली. "मैंने इंजेक्शन दिया था."

परीक्षा घेणाऱ्या डॉक्टर अर्पिता वाद घालत बसल्या नाहीत. "वीडियो देख लो," एवढंच म्हणाल्या.

पडद्यावरच्या शिवांजलीने सिरिंज भरली, "दे दिया" म्हटलं आणि भरलेली सिरिंज तशीच ट्रेमध्ये ठेवून दिली. तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. विश्वासच बसेना, कारण सुई टोचल्याचं तिला लख्ख आठवत होतं.

मग तिला एकदम वॉर्ड आठवला. पहाटे तिने हिंमतरावांनाही इंजेक्शन दिलं होतं. निवृत्त सुभेदार, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रोज एक सुई असे. तेही तिला असंच लख्ख आठवत होतं.

लिफ्टची वाट न बघता ती जिना चढून वर गेली. हिंमतरावांच्या खाटेशेजारी, थर्मासच्या मागे, ट्रे होता. ट्रेमध्ये सिरिंज होती, भरलेली.

गुपचूप टोचून टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. इन्चार्जची जागाही कदाचित हातची गेली नसती. तिने सिरिंज उचलली, आणि आपण ती उचलली याची तिला लाज वाटली.

"आता परत कशाला, बेटा?" हिंमतराव हसून म्हणाले. "सकाळी टोचलंस की. इथे सगळ्यांना सांगतो मी, आपल्या पोरीचा हात बिल्कुल हलका. टोचलेलं कळलंसुद्धा नाही."

शिवांजली त्यांच्या पायाशी, खाटेच्या कडेवर बसली. दोन पाळ्यांचा शीण तिला आता एकदम जाणवला.

"कळणार कसं, काका?" ती म्हणाली. "मी टोचलंच नव्हतं. थांबा, डॉक्टरांना बोलावते. त्यांच्यासमोरच सांगते."